सोमवारचा पाचशेवीस

समारंभाच्या अध्यक्षा, या संस्थेच्या संचालक आणि आम्हां सगळ्यांच्या मोठ्या बाई. आपला दवाखाना बंद ठेवून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब. माझ्या डाव्या हाताला बसलेले सांख्यिकीचे सर, ज्यांना लांबलेली भाषणं मुळीच सोसत नाहीत. रक्त घेणाऱ्या ताई. माझे आजी-माजी सहकारी. आणि दाराजवळची जागा हेरून बसलेल्या तरुण मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक विनंती. पहिल्या रांगेत दोन खुर्च्यांवर 'कुटुंबीयांसाठी राखीव' अशी चिठ्ठी लावलेली आहे. व्यवस्था चोख आहे, तक्रार नाही. पण माझी लेक दुसऱ्या देशात असते, तिला रजा मिळाली नाही, आणि तिची आई जाऊन आता सहा वर्षं होतील. तेव्हा मागं उभं राहून पाय दुखवून घेण्यापेक्षा कुणीतरी पुढं या आणि बसा. अहो, खरंच बसा. रिकाम्या खुर्चीशी बोलायचं मला घरी पुरेसं होतं.

हां, असं. धन्यवाद.

मघाशी मानपत्र वाचलं गेलं. त्यात मला 'अचूकतेचं दुसरं नाव' म्हटलंय. तेव्हा मी मान खाली घातली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्हांला वाटलं असेल, किती हा विनय! तसं काही नव्हतं. का ते सांगणार आहे, पण मला माझ्या वाटेनं जाऊ द्या. चौतीस वर्षं इथं वेळ पाळली, आज दहा मिनिटं जास्त घेतली तर सर काही छत पाडणार नाहीत.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमची प्रयोगशाळा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजते. म्हणजे, लोकांच्या मते, मर्दानगी मोजते! इथं काम करतो म्हटलं की लग्नात, बँकेत, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा माणूस हळूच जवळ सरकतो आणि विचारतो, "आमचं किती असेल हो?" मी सांगायचो, बाबा रे, ते बायकांच्या अंगातही असतं, थोडं असतं एवढंच. ते सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. आजारपणात पडतं, जागरणानं पडतं. निरोगी पुरुषाचा सकाळचा आकडा तीनशेपासून हजारापर्यंत कुठंही असू शकतो, आणि एका सकाळच्या आकड्यावर कुणी माणसाची किंमत करू नये. हे मी शेकडो जणांना सांगितलं. स्वतःला सांगायचं तेवढं राहिलं.

आता यंत्राचं. यंत्र खरं बोलतंय की नाही हे कळायला एक माहितीतला नमुना लागतो. त्याचा आकडा आधीच ठाऊक असतो. यंत्रानं तोच दाखवला तर यंत्र ठीक. याला आम्ही कंट्रोल म्हणतो. तो एका कंपनीकडून बाटलीबंद यायचा. सात वर्षांपूर्वी तो यायचा बंद झाला. आज येईल, उद्या येईल करता करता महिने गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "हातावर हात धरून बसायचं नाही. आपण घरचा कंट्रोल करू." म्हणजे काय, तर कर्मचाऱ्यांपैकीच एक निरोगी पुरुष निवडायचा, दर सोमवारी सकाळी आठच्या आत उपाशीपोटी त्याचं रक्त घ्यायचं, आणि त्यावर यंत्र तपासायचं. आम्हां सहा जणांचं रक्त महिनाभर तपासलं. पाच जणांचे आकडे माकडासारखे उड्या मारत होते. माझा मात्र पाचशेवीस, पाचशेपंधरा, पाचशेचोवीस, पुन्हा पाचशेवीस.

झालं! त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि आकडा राहिला. "पाचशेवीस आले का?" "पाचशेवीस, चहा घेणार?" नवीन लागलेल्या मुलींना तर वर्षभर वाटत होतं की तो माझ्या खोलीचा नंबर आहे. मी वरवर चिडायचो. खरं सांगू? आवडायचं मला. तीनशेवीस म्हणून कुणी हाक मारली असती तर आवडलं असतं का, ते मात्र ठाऊक नाही.

माझ्या बायकोलाही हे नाव फार आवडलं. सोमवारी मला उठवताना म्हणायची, "चला पाचशेवीस, यंत्र खोळंबलंय." मी उपाशी जायचो म्हणून तीही चहा घ्यायची नाही. मी म्हणायचो, "अगं, रक्त माझं काढणार आहेत, तुझं नाही." तर म्हणायची, "तुम्ही फोन केलात की आधण ठेवते." मग रक्त दिलं की ताईंच्या टेबलावरून मी घरी फोन करायचो, "झालं गं, ठेव." एवढंच बोलणं. ताई साक्षीला आहेत.

ती गेली ते अचानक. शनिवारी होती, रविवारी नव्हती. तुम्ही सगळे आलात, बाई दोनदा आल्या, सर तर स्मशानातून घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. मी आठ दिवसांनी कामावर रुजू झालो. सोमवार होता. रक्त दिलं, आणि हात आपोआप फोनकडे गेला. घरचा नंबर फिरवला. घंटी वाजायला लागल्यावर लक्षात आलं. पण मी फोन ठेवला नाही, पूर्ण वाजू दिला. पुढच्या सोमवारीही केला.

रक्त देण्याआधी एक फॉर्म भरावा लागायचा. त्यात तिसरा प्रश्न होता, रात्रीची झोप: पुरेशी, अपुरी. मी 'पुरेशी'वर खूण केली. मला त्या काळात दोन तास झोप लागत होती, तीही खुर्चीत. जेवण म्हणाल तर बिस्किटं.

त्या सोमवारी माझा आकडा आला चारशेसाठ. पुढच्या सोमवारी चारशेवीस. मग तो तीनशेनव्वदवर येऊन बसला आणि हलेना.

कुणी विचारलं नाही असं म्हणून मी सहानुभूती गोळा करणार नाही. सरांनी विचारलं होतं, "तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, "ठणठणीत! यंत्राचंच वय झालंय." ताईंनी दंडाला पट्टा बांधताना विचारलं, "हात उतरलाय की हो, जेवता ना?" मी म्हटलं, "चालायला जातो हल्ली." सरांनी माझे फॉर्म मागवून तपासले. फॉर्म निर्दोष. दरवेळी झोप पुरेशी. मग दोष कुणाचा? यंत्राचा! दुरुस्तीवाले दोनदा येऊन गेले. त्यांनी पंप बदलला, नळ्या बदलल्या, बिचाऱ्याला पार उघडून ठेवलं. मी शेजारी उभा राहून त्यांना पाने-पकडी देत होतो.

यंत्र सुधारेना, तेव्हा सरांनी हिशेब मांडला. पाचशेवीसच्या जागी तीनशेनव्वद दिसतात, म्हणजे यंत्र कमी दाखवतंय. तर येणाऱ्या प्रत्येक आकड्याला एक पॉइंट तेहेतीसनं गुणायचं. सर, हिशेब चोख होता. पायाला जो पाचशेवीस धरलात तो खोटा होता.

ते दिवस साठीपुढच्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीचे होते. दोनशेचौदा माणसं. एकतीस सोमवार आम्ही त्यांचे आकडे वाढवून लिहिले. बत्तिसाव्या सोमवारी कंपनीचा कंट्रोल पुन्हा सुरू झाला. तो यंत्रात घातला, आकडा तंतोतंत आला. सगळे म्हणाले, "सुधारलं एकदाचं!" पेढे मागवायचं तेवढं बाकी होतं. सगळे गेल्यावर मी माझ्या रक्ताची एक नळी त्याच्या शेजारी लावली. तीनशेअठ्ठ्याऐंशी. म्हणजे यंत्र कधी बिघडलंच नव्हतं. बिघडलो होतो मी.

बाई, पेल्यात पाणी आहे, घ्या थोडं. सर, कॅल्क्युलेटर राहू द्या, मी मांडून आणलंय. दोनशेचौदांपैकी एकसष्ट माणसं अशी आहेत, ज्यांचा खरा आकडा तीनशेच्या खाली होता आणि आपण त्यांना वर आणून 'सामान्य' असं लेखी दिलं. पाहणीचा जो निष्कर्ष छापला, उतारवयात आकडा समजतात तेवढा पडत नाही, तो या एकसष्ट माणसांच्या खांद्यावर उभा आहे. बाई, तुमचं सगळ्यांत नावाजलेलं काम ते. त्याला डाग मी लावला.

पाच वर्षं का गप्प बसलो? लाजेनं. दुसरं मोठं कारण सापडत नाही. बायको गेल्यावर दिवसाकाठी मला हाक मारणारे तुम्हीच उरला होतात, आणि तुम्ही हाक मारत होतात ती त्या आकड्यानं. मी तीनशेनव्वद आहे असं कळलं असतं, तर तुम्ही जपून बोलला असता, दाराशी आवाज खाली केला असता. मला ते नको होतं. घरी शांतता भरपूर होती, इथं तरी कुणी मोठ्यानं ओरडून बोलवावं असं वाटायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस एवढी मोठी चूक दडपतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या एकसष्टांत एक घड्याळजी होते. इथून तिसऱ्या चौकात त्यांचं दुकान आहे. अहवाल घ्यायला आले तेव्हा काउंटरवर मी होतो. खरा आकडा दोनशेचाळीस, कागदावर तीनशेवीस. मला म्हणाले, "बारीक स्क्रू फिरवताना हात दमतो. कशात मन लागत नाही. घरी कुणी बोलावलं तर जावंसं वाटत नाही. काहीतरी निघालं असेल ना?" मी म्हटलं, "काका, तुमचा आकडा छान आहे." त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आकडा छान असेल तर मग माझाच आळस." आणि गेले. तेव्हा मला नक्की काही माहीत नव्हतं. पण बत्तिसाव्या सोमवारनंतर माहीत होतं. त्यांच्या दुकानावरून मी पाच वर्षं रोज घरी गेलोय, पलीकडच्या फुटपाथवरून.

आता डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल की दोनशेचाळीस आला म्हणजे लगेच औषध द्यायलाच हवं असं नाही. कबूल. पण पुन्हा तपासायला हवं होतं. त्यांना समोर बसवून चार प्रश्न विचारायला हवे होते. आपण 'सामान्य' लिहून दार बंद केलं.

काल मी बाईंना सांगायला गेलो होतो. केबिनच्या दारापर्यंत पोचलो. बाई माझंच मानपत्र दुरुस्त करत होत्या, एक ओळ खोडून चांगली ओळ लिहीत होत्या. माझा धीर झाला नाही. तिथून निघालो तो सरळ घड्याळजींच्या दुकानात गेलो.

त्यांनी ओळखलं नाही. मी आठवण करून दिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, फॉर्मपासून गुणाकारापर्यंत. ते डोळ्याचं भिंग काढून ऐकत होते. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालाव्यात असंही वाटत होतं. मग म्हणाले, "म्हणजे मी आळशी नव्हतो?"

मी म्हटलं, "नाही काका."

"माझी बहीण, भावजय, सगळे म्हणायचे, कागदावर तर चांगलं आहे, तुम्हीच अंग चोरता. मलाही ते पटलं होतं हो." असं म्हणून त्यांनी भिंग पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. मग मला विचारलं, "आणि तुम्ही? तुमचं काय केलंत मग? झोप येते का आता?"

मंडळी, ज्या माणसाची पाच वर्षं मी खाल्ली, त्यानं मला हे विचारलं. त्यांनी गिऱ्हाइकाचं स्टूल पुढं सरकवलं, दुकानाचं दार लोटून घेतलं, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आता वाटत नाही.

एकसष्टांपैकी घड्याळजींना मी सांगून आलो. साठ उरलेत. काही जण हयात नसतील. यादी या पाकिटात आहे, सोबत मूळ आकडे आहेत, न गुणलेले, आणि ते एकतीस फॉर्मही आहेत, माझ्या सहीचे. अध्यक्षा, हे मी तुमच्या हातात देतो. छापलेलं मागं घ्यावं लागेल, संस्थेची नाचक्की होईल, मला ठाऊक आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ द्या. फक्त एक मागतो. त्या साठ घरी कुणीतरी जायला हवं, आणि पहिल्या घरी मला जाऊ द्या. चिठ्ठी पाठवू नका, माणूस पाठवा. आणि रक्त काढण्याआधी त्यांना बसवून विचारा, घरी कोण असतं, जेवता का, झोपता का. उत्तर पटकन आलं तर पुन्हा विचारा.

आपण सगळ्यांनी मला सांभाळलंत, आज एवढा मान दिलात, भेट दिलीत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुठं तोल गेला असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, वेळ जास्त घेतली असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. मी केलेली चूक मात्र पोटात घालू नका. ती कागदावर घ्या, माझ्या नावानिशी, आणि उद्या सकाळी कामाला लागा.