नाहूर ते मुलुंड, विलायती गाडीने

...नाही, पण हीटर? भर मे महिन्यात हीटर? तुम्हाला सांगतो, शालू नेसलेल्या नवरीच्या अंगावर सख्ख्या काकाने गाडीचा हीटर सोडला, हे तुम्ही कुठे ऐकलंय? मी बघितलंय! नवरी म्हणजे माझी मुलगी समीक्षा, काका म्हणजे माझा थोरला भाऊ हरेश्वर, आणि हीटर... त्याच्या त्या गाडीचा!

आम्ही राहतो नाहूरला, लग्नाचा हॉल मुलुंडला. अंतर किती? रिक्षावाला ऐकूनच मान फिरवतो, तेवढं! पण दादाचं एकच, "दश्या, माझ्या पुतणीक मीच माझ्या गाडीतून नेतलंय!"

गाडी म्हणजे काय, तर साठ सालच्या आसपासची इंग्रजांची सलून मोटार. दादाने भंगारातून उचलली आणि साकीनाक्याच्या एका गॅरेजात वर्षानुवर्षं जोडत बसला. मूलबाळ नाही, वहिनी गेली, मग काय, तोंड उघडलं की गाडी! "तिकडे लंडनात बँका लुटणारे चोर पळूक हीच गाडी घेयत, मगे पोलिसांनी पण हीच घेतली, चोर पकडूक!" अरे, मग पकडले की नाही ते सांग ना! "सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर, पेट्रोलच्या टाक्या दोन, डॅशबोर्ड अक्रोडाच्या लाकडाचो, मागे चाय पिऊक घडीचा टेबल, काचा बटणावर!" मी म्हटलं, दादा, खाली तेल गळतंय. तर म्हणतो, "गळता म्हणजे आत आसा ना? विलायती आसा ती!"

बसलो. काय करता, थोरला भाऊ! दादा स्टीअरिंगवर, बाजूला मी, मागे समीक्षा आणि माझी बायको नमिता. एलबीएस रोडला आलो आणि ट्रॅफिक! रस्ता खणलेला, गाड्या जागच्या जागी. आता ही थंड देशातली बाई, पळाली तर वारा लागतो, उभी राहिली की तापते. तिचा पंखा म्हणे इंजिनाबरोबर फिरतो, इंजिन मंद की पंखा मंद. काटा चढला लाल रेघेवर. आणि दादा, कपाळावर आठी नाही, हीटरचा खटका ओढतो!

"अरे काय करतोस!"

"इंजिनाची उष्णता आत ओढून घेतलंय. मगे ता थंड होता."

"आत म्हणजे कुठे? आत आम्ही आहोत!"

"विलायती आसा ती!"

समीक्षाने काच खाली करायला बटण दाबलं. काच हलेना. दुसरं दाबलं. हॉर्न वाजला! नमिता किंचाळली, "अहो, पोरगी वितळतेय!" खरंच वितळत होती हो, काजळ हनुवटीला पोचलेलं! तेवढ्यात बॉनेटमधून ही वाफ... आणि गाडी गप्प. मुहूर्त डोक्यावर, गाडी मेलेली, आणि मागून हॉर्न!

मागे माशांचा टेम्पो. त्यातून डोकावली द्रौपदीबाई, मुलुंडच्या बाजारातली आमची नेहमीची कोळीण. "काय झाला गो पोरी? ये, बस बेगीन!" आणि समीक्षा बसली! मागे, बर्फाच्या पेटीवर, शालूसकट! आणि म्हणते काय, "आहाहा, बाबा, झकास!"

दादा गाडीपाशी राहिला. आम्ही तिघं पापलेटांबरोबर हॉलच्या दारात उतरलो. विहीणबाई अत्तर शिंपडायला लागल्या, त्या थांबेचनात. असू दे, म्हटलं, मुहूर्त तरी गाठला! तोच भटजी ओरडले, "वराला आणा!" वर कुठाय? वर नाही! त्याचा धाकटा भाऊ प्रितम म्हणतो, "काका, तुमची गाडी बंद पडली कळलं ना, सुशांत बाईक घेऊन तिकडेच गेलाय."

मी रस्त्यावर धावलो. बघतो तर समोरून गाडी येतेय, मागून माझा जावई धक्का देतोय, फेटा मानेवर, हात कोपरापर्यंत काळे! मला बघून ओरडला, "बाबा, काय इंजिन आहे यार!"

यार! सासऱ्याला यार!

मी सुटलो दादावर. "वाट लावलीस! पोरीच्या आयुष्यात एकदा येणाऱ्या दिवसाची वाट लावलीस! विकून टाक तो डबा!" मला वाटलं, आता म्हणेल विलायती आसा. तर म्हणाला नाही. खालीच बघत होता. हळूच बोलला, "एवढीशी होती, तेवा गॅरेजात येवन म्हणाली, काका, मी हेच्यातून सासरी जातलंय. तेवढाच डोक्यात धरून बसलंय रे..."

भांडतानासुद्धा धड भांडू देत नाही हा माणूस! राग गेला का? अजिबात नाही! गिळला. लग्न लागलं. अंतरपाटावर जावयाची पाच काळी बोटं उमटली, ती फोटोत आहेत.

संध्याकाळी पाठवणी. दाराशी फुलं लावलेली एसी गाडी उभी, आणि समीक्षा म्हणते, "मी काकाच्याच गाडीतून जाणार." दादाचे डोळे भरले. नमिता रडली, विहीणबाई रडल्या, लग्नाला थांबलेली द्रौपदीबाईसुद्धा पदराने डोळे पुसतेय. चावी फिरवली. खर्र... खर्र... गप्प. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तुम्हाला सांगतो, लोक पोरीची पाठवणी रडून करतात. मी धक्का मारून केली.