मिठूचे डोळे

(बालाघाट, १९७२. दुपार. अनुसयाबाईची ओसरी. शेजारची सून सरिता हातात परदेशी पत्र घेऊन बसली आहे.)

अनुसया : उघडू नको, सरिता. आधी तो कोपरा पाह्य.

सरिता : फाटला आहे काकी. तो क्या हुआ? आफ्रिकेहून आलंय, रस्त्यात कुठं तरी अटकला असेल.

अनुसया : अटकून फाटला का कोनी फाडला, ते पाह्य. मरनाचं पत्र असलं का आपल्यात कोपरा फाडूनच टाकते. वाचाच्या आधीच घरचे समजून जाते.

सरिता : वो पोस्टकार्ड का रिवाज है. हे तर विमानाचं निळं पत्र.

अनुसया : जावयाले तांब्याच्या खाणीत नोकरी लागली अन् पुष्पा तिकडे गेली, म्हनून काय रीत विसरली ते? परवा आलं हे पत्र. तांदळाच्या कोठीवर ठेवलं. दोन दिवस तांदूळ काढून राह्यली, पन याले हात नाई लावला.

सरिता : दो दिन? मी भिंतीच्या पलीकडेच तर राहते. एक आवाज द्यायचा.

अनुसया : आवाज दिला असता तर तू वाचलं असतं.

सरिता : मग आज का बोलावलं?

अनुसया : आता जीव थाऱ्यावर नाई वो. पन आधी माहं आइक. नातीले पार्सल धाडलं होतं ना मी, दिवाळी झाल्यावर?

सरिता : हौ, कपड़े का मिठू. हिरवी चिंधी माझ्याच ब्लाऊजची होती.

अनुसया : अन् डोळे कशाचे होते?

सरिता : गुंजा के. लाल दाणा, काळा टिपका. एकदम जिंदा वाटत होता.

अनुसया : सुई तापवून भोकं पाडली मी त्याइले. माह्या मायनं मले तसाच शिवून दिला, मी पुष्पाले दिला. आपल्याकडे मिठू पाळन्यावर टांगते. लेकरू खालून पाह्यते, हातपाय झाडते, पन हात काही तिथवर पुरत नाई. मंग तिची चिठ्ठी आली. तूच वाचली.

सरिता : की तिकडं पाळणा मिळत नाही. लकड़ी का कठघरा असतो, बच्ची त्यातच झोपते.

अनुसया : टांगाले आकडाही नाई म्हने. मंग मिठू कुठं गेला असन? हातात. अन् आठ महिन्याचं लेकरू हातातली चीज कुठं घालते?

सरिता : तोंडात.

अनुसया : त्याच हप्त्यात मी वारासिवनीच्या बाजारात गेलती. जडीबुटीवाल्या मैनाबाईपुढं गुंजांचा ढीग होता. मी हौसेनं सांगतलं, माह्या नातीच्या मिठूले ह्याच लावल्या. तिचं तोंडच उतरलं. म्हने, बाई, गुंज म्हंजे जहर हाये, अन् भोक पाडलेली तर लेकराच्या हाती देऊच नाई.

सरिता : हे भगवान. मग तार करायची होती ना.

अनुसया : टिकाराम मास्तरकडे गेली. तुले सांगाची लाज वाटली, चिंधी तुही होती. मास्तर म्हनाला, मिठूचे डोळे काढ अशी तार कोनाले समजन? चिठ्ठीच बरी. चिठ्ठी धाडली. महिना झाला, घास उतरत नाई. अन् आता हे आलं, कोपरा फाटून.

सरिता : उघडू?

अनुसया : उघड. थांब. हात पुसून घे.

सरिता : पुसले.

अनुसया : वाच. एकही ओळ गाळू नको, वाईट असली तरी.

सरिता : «प्रिय आईस, पुष्पलताचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे.»

अनुसया : ते सगळेच लिहते. पुढं.

सरिता : «पार्सल उशिरा मिळालं, आणि त्यानंतर चारच दिवसांनी मास्तरांच्या हातची चिठ्ठी.»

अनुसया : चार दिवस. चार दिवस तो मिठू तिच्यापाशी होता.

सरिता : काकी, वाचू तर द्या. «चिठ्ठी वाचून मला आधी हसू आलं, मग रडू आलं. मिठूचे डोळे मी पार्सल सोडलं त्याच घडीला काढले, पोरीच्या हातात द्यायच्या आधी.»

अनुसया : पुन्हा वाच.

सरिता : «पोरीच्या हातात द्यायच्या आधी.»

अनुसया : अजून एक बार.

सरिता : «द्यायच्या आधी.» पाणी आणू का काकी?

अनुसया : नको. बस इथंच. माह्या हातानं गेली नाई वो ते. माही नात हाये... पन पुष्पाले कोनी सांगतलं? मलेच मालूम नव्हतं.

सरिता : लिहिलंय. «तुला आठवतं का, उकव्याला खाणीच्या क्वार्टरात बाबांनी माझ्या मिठूचे डोळे उसवले होते? मी रडून घर डोक्यावर घेतलं. तू म्हणालीस, पोरीचं खेळणं बिघडवता, दुसरं काम नाही का? बाबांनी दुसऱ्या दिवशी मला एकटीला सांगितलं, खाणीवरच्या एका मजुराचं लेकरू गुंज चावून गेलं. म्हणाले, तुझ्या आईले सांगू नको, तिनं हौसेनं शिवला आहे.»

अनुसया : चार दिवस बोलली नाई मी त्या मानसाशी. ताट वाढलं, पानी दिलं, पन बोलली नाई. अन् तो चुपचाप जेवून ड्युटीवर जाये. एका शब्दानं सांगाले काय झालं होतं त्याले?

सरिता : आगे वाचू?

अनुसया : वाच.

सरिता : «मिठूला मी काळ्या दोऱ्याचे डोळे भरले. यांच्या जुन्या मोज्याचा हत्ती केला, काडेपेट्यांची गाडी केली. शेजारीण तिच्या लेकरासाठी तसाच हत्ती मागून राहिली आहे. इथं पोरीच्या कानावर आपली बोली पडत नाही, म्हणून मी मिठूच्या तोंडून बोलते. माझं ऐकत नाही, मिठूचं ऐकते.»

अनुसया : मिठू मराठी बोलते म्हन. तुह्यापेक्षा बरी बोलत असन.

सरिता : हौ, मारा टोमणा. मतलब तबियत ठीक झाली.

अनुसया : पन कोपरा? सगळं खुशाल हाये, तर कोपरा काहून फाटला?

सरिता : रुका, कडेला बारीक अक्षरात आहे. «आई, फाटका कोपरा पाहून भिऊ नको. पत्र लिहून खाली ठेवलं, पाणी प्यायला उठले, तेवढ्यात तुझ्या नातीनं चावला. नवा कागद आणायला शहरात जावं लागते, म्हणून हाच पाठवते. तिले खालचे दोन दात आले.»

अनुसया : आन इकडे.

सरिता : चष्मा देऊ?

अनुसया : चष्मा कशाले? बोटाले लागते ना. हे पाह्य, इथं एक. अन् हा दुसरा.

सरिता : कागद आहे घरी. जवाब आत्ताच लिहू का?

अनुसया : सांजच्याले लिहू. आता तू घरी जाय, पोरी. पत्र पुष्पाच्या बाबाच्या फोटोपाशी ठेवते. मले त्याच्याशी बोलाचं हाये.