सूपभर मुरमुरे

हसू नका, पण पगार वाढला का मले मुरमुरे आठवतात. लहानपणी आमच्या करडी गावात मुरमुरेवाली मावशी पसाभर धान घेऊन सूपभर मुरमुरे द्यायची. मी आईले म्हणायचो, "मावशी येडी हाय, थोडं घेऊन ढीगभर देते!" आई हासायची, "खाऊन पाह्य, मंग सांग." सूप संपायचं, पोट रिकामंच.

परवा कॉलेजातल्या लेकीनं सांगितलं, "बाबा, महागाईले इन्फ्लेशन म्हणतात ना, त्याचा मूळ अर्थ हवा भरून फुगवणं." म्हटलं, "मंजे आमच्या मावशीचे मुरमुरेच की!"

तेवढ्यात बायको म्हणाली, "पगार वाढला ना तुमचा? पेढे आणा." लेक म्हणते, "पेढे कायले आई? मुरमुरेच आणू दे."

आणले. तिघांनी सूपभर फस्त केले, पोट तसंच रिकामं. फक्त हासाले माही आई नव्हती.