वीतभर खाली

वहिनी : ...चौदा! भावोजी, नीट बघा, चष्मा पुसा हवं तर. सकाळी एकतीस होता.

दीर : चौदाच आहे. डोक्यातल्या दाबाचा आकडा हाच ना, पडद्यावरचा खालचा?

वहिनी : हाच. ह्यांची नस फुटल्याला आज सहा दिवस, एकदाही वीसच्या खाली उतरला नव्हता मेला. डॉक्टर काय म्हणाले होते? चारला येतो, वीसच्या आत असेल तर उपाय चालू ठेवू, नाहीतर... जाऊ दे. ते आता तोंडावाटे काढायचंच नाही.

दीर : जीवात जीव आला बघा. ए दादा, ऐकतोस का? कामावर ये आता. तुझ्या वाटच्या विटा मलाच उचलायला लागतात.

वहिनी : हसवू नका हो, रडू येतं. अर्धा तास झाला, नुसती बोलत बसलेय त्यांच्याशी. अगदी कानाला तोंड लावून. त्यांना ऐकू जातं, मी सांगते तुम्हाला. मी बोलले आणि आकडा झरझर उतरला.

दीर : कानाला तोंड लावून? काल तर हातसुद्धा पुरत नव्हता तुमचा. स्टूल मागत होतात.

वहिनी : मग काय करू, देवाने उंची दिली नाही. ते बटण आहे ना बाजूला, त्याने पलंगच घेतला खाली. वीतभर.

दीर : कधी?

वहिनी : मघाशी. असं काय बघताय त्या खांबाकडे?

दीर : खांबावर ती डबी आहे ना, दादाच्या डोक्यातली नळी जिला जोडलीय. सिस्टर रोज पट्टी धरून बघतात, डबी कानाच्या रेषेत आहे का.

वहिनी : बघत असतील. त्यांचं काम.

दीर : आम्हा गवंड्यांचंही तेच काम आहे, वहिनी. नळीत पाणी भरायचं आणि दोन भिंती एका पातळीत आहेत का बघायचं. दादानेच शिकवलं मला. माझं टोक जरा खाली गेलं की ओरडायचा, "गाढवा, भिंत बुटकी झाली नाही, तू वाकलायस!"

वहिनी : त्याचं इथे काय?

दीर : दादा वीतभर खाली गेला, डबी तिथेच राहिली. हा आकडा खोटा आहे.

वहिनी : गप्प बसा.

दीर : वहिनी...

वहिनी : गप्प बसा म्हणते ना! चार वाजायला दहा मिनिटं आहेत. डॉक्टरांना बघून जाऊ दे, मग सांगा गावभर.

दीर : आणि चौदा बघून, दाब उतरला म्हणून त्यांनी औषध कमी केलं तर?

वहिनी : भाऊ जड झालाय का हो तुम्हाला?

दीर : बोला. काय वाटेल ते बोला. सिस्टर! सिस्टर, जरा इकडे या.

सिस्टर : काय झालं? अरे देवा, पलंग कुणी हलवला? हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? सरका बघू. हा घेतला वर. कान इथे, डबी इथे. थांबा जरा.

(तिघंही पडद्याकडे बघतात. आकडा चढत राहतो.)

दीर : तेहतीस.

वहिनी : सिस्टर, खरं सांगा. माझ्यामुळे वाढला?

सिस्टर : नाही हो. ही नळी फक्त मोजते. आतला दाब मघाशीही एवढाच होता.

वहिनी : मी बोलत होते तेव्हाही?

सिस्टर : तेव्हाही.

वहिनी : माझ्यामुळे वाढला असता तर बरं झालं असतं. माझी चूक मी निस्तरली तरी असती.

दीर : माफ करा, वहिनी.

वहिनी : तुम्हाला कशाला माफ करायचं? त्यांच्याच हाताखाली शिकलात. वाकडी भिंत त्यांनी तरी कधी चालवून घेतली?

सिस्टर : डॉक्टर आलेत. तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा.

वहिनी : थांबतो. सिस्टर, डॉक्टर बोलून गेले की मग हे मोजायचं नसेल ना?

सिस्टर : ...बहुतेक नाही.

वहिनी : मग पलंग खाली घ्याल? वीतभरच. माझा हात पुरत नाही.