नाळेला काहीच लावू नका

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच विश्वंभरराव, शेजारी बसलेले डॉक्टरसाहेब, जिच्यासाठी आपण जमलो ती निलम सिस्टर, आन् समोरच्या माझ्या लेकी-सुनांनो, पार्वती सुईणीचा सगळ्यायला रामराम.

चाळीस वर्षं या गावातल्या लेकरांची नाळ मी कापली. मला कुणी शाल दिली का? न्हाई. सिस्टर सहा वर्षं राहिली. तिची बदली आखाडा बाळापूरला झाली, तर मांडव घातला, बाया डोळे पुसून राहिल्या. माझा जीव जळतो. लपवून काय करू?

बरं, हिनं शिकवलं तरी काय? "नाळेला काहीच लावू नका. कोरडी ठेवा, आपोआप गळते." मी गोवरीची राख वस्त्रगाळ करून तेलात कालवून लावायची. काहीच न लावायचा पगार मिळतो, हे मला बराबर वाटलं न्हाई.

दोन वर्षांखाली माझ्या सुनेला, राणीला, दवाखान्यात पोरगं झालं. रुद्र. घरी आल्यावर मी काही म्हणलं की राणीचं एकच, "सिस्टर सांगतील तसं." माझ्या घरात, माझ्या नातवाचं! पाचवीच्या दिवशी ती न्हाणीत गेली, तवा मी बेंबीला राख लावली.

राणी, बस खाली. मला बोलून घेऊ दे.

दोन दिवसांत बेंबी लाल झाली, वास सुटला. लेकरू दूध पिईना. राणीनं सिस्टरला बोलावलं. तिनं कापसानं पुसलं, तर कापूस काळा. तिनं माझ्याकडं पाहिलं. लेकराला उराशी धरून गाडीत बसली. हिंगोलीला बारा दिवस ते काचेत होतं. तिथले डॉक्टर म्हणले, अजून एक दिवस उशीर झाला असता तर हाती लागलं नसतं.

गावात बोलणं उठलं, सिस्टरच्या हातानं पोरगं बिघडलं. मी काय केलं? होकाराची मान हलवली. तीन घरांनी तिला दारातून परत लावलं. त्यातल्या एका घरी मला बोलावणं आलं. मी मिरवत गेले, राखेची डबी उघडली, आन् हातच पुढं होईना. न लावताच परत आले.

सिस्टर, तू माझं नाव सांगितलं असतं तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. तू गप बसलीस. त्याचाबी मला राग आला, तिथंबी तूच मोठी ठरलीस.

अध्यक्षसाहेबांनी दोन शब्द बोलू दिले, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. राखेचं मात्र पोटात घालू नका. ते माझं नाव घेऊन घरोघर सांगा.