नणंदेबरोबर वॉल्ट्झ

...आणि वर मलाच सुनावतात, ‘वहिनी, तुमचं लक्ष नाही.’ आता तुम्हीच सांगा, जी बाई बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसली, जिच्या पायाखाली जादा ब्रेक होता, जिने त्या एका ब्रेकवर कितीतरी कुत्री, दोन पोस्टमन आणि एक अख्खं फुलांचं दुकान वाचवलं, तिचं लक्ष नाही? लक्ष आहे म्हणून तर घोळ आहे! नाचताना समोरून दुसरं जोडपं येताना दिसलं की माझा उजवा पाय खाली दाबला जातो, आणि तिथे ब्रेक नसतो, वन्संचा अंगठा असतो. पाय आपोआप जातो हो, मी काय करू?

वन्सं म्हणजे माझी नणंद. वय एकोणसाठ, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. ह्यांची एकुलती एक बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी असतात. दोघं भावंडं पंचवीस वर्षं दर शनिवारी नाचाच्या शाळेत वॉल्ट्झ करायची, आणि मी कडेच्या खुर्चीवर, मांडीवर वन्संची पर्स, पर्सवर ह्यांचा चष्मा. मला नाचावंसं कधी वाटलं नाही. आठवडाभर बसूनच कमावायची, शनिवारी फुकट बसायची, एवढाच फरक.

गेल्या वर्षी हे गेले. वन्संनी नाचाचे बूट खोक्यात घातले आणि खोकं माळ्यावर टाकलं. बोलणंही जवळजवळ थांबलं. तुम्हाला सांगते, ज्या बाईने पंचवीस वर्षांत माझ्या एका भाजीला बरं म्हटलं नाही, ती एक दिवस मुकाट्याने जेवून उठली. मागून मी चाखून बघते तर भाजीत मीठच नाही! म्हटलं, हे लक्षण बरं नव्हे. आणि तोंडातून निघून गेलं, शाळेचा कार्यक्रम दोन महिन्यांवर आहे, ह्यांच्या जागी मी उभी राहते.

वन्संनी मला नखशिखांत न्याहाळलं. म्हणाल्या, ‘तुम्ही?’

एकच शब्द, पण काय झणझणीत! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात दुसरं आलं, ‘बघू. पण नाही जमलं तर मी बूट देऊन टाकणार, परत विषय काढायचा नाही.’ आणि स्वतः स्टुलावर चढून खोकं काढलं. म्हणजे बघा, नाचायचं मी, आणि पणाला लागले त्यांचे बूट.

ह्यांच्या जागी म्हणजे पुढे नेणारी मी. इथेच तर गोम आहे! शेजारी बसणाऱ्याला पुढे नेणं कुठून येणार? त्याला येतं फक्त थांबवणं. वॉल्ट्झ म्हणजे चौकातलं वर्तुळ, सगळे एकाच दिशेने फिरतात, आत घुसायला जागा कोणी देत नाही. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि चौथ्याला वन्संचं ‘आई गं’. नाचाचे सर, इतके काटकुळे की वळले की दिसेनासे होतात, तीन आठवड्यांत माझ्यापुढे टेकीला आले. म्हणाले, ताई, इमारतीत अजून तीन नाचांच्या खोल्या आहेत, बघा कुठे बसतंय.

गेले मी. साल्सा म्हणजे दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी लावणं, पुढे, मागे, पुढे, मागे, आणि तेवढ्यात कंबरही हलवायची. माझी कंबर स्वतंत्रपणे हलते हा शोध मला लागला आणि तिलाही. वरच्या मजल्यावर कथक. तिथल्या बाई म्हणाल्या, पाय आपटा. म्हटलं, एवढंच? तासभर आपटले, दोन्ही पाय, क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक... आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं! बाई सोडेनात. पण ते एकटीने करायचं. वन्संना कुठे ठेवू? टँगोच्या खोलीत तर पाऊलसुद्धा टाकलं नाही. दारातूनच दिसलं, ती माणसं एकमेकांकडे अशी बघत होती की म्हटलं, आधी यांचं भांडण मिटू दे.

परत वॉल्ट्झ. सरांनी हात टेकले, वन्संनी अंगठ्याला पट्टी बांधली. पाय आपोआप जातो हो!

कार्यक्रमाचा दिवस. हॉल भरलेला. पहिली फेरी बिनधोक, दुसरी बिनधोक, मला वाटलं, अरे, चालवतेय की मी! आणि तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरून आमच्या वर्गातले दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस, इशारा नाही, काही नाही, सरळ आडवे! गेला पाय. अंगठा कसाबसा वाचला, पण आम्ही हॉलच्या मधोमध ठप्प. बाजा चालू, सगळे फिरतायत, आणि आम्ही दोघी उभ्या. म्हटलं, संपलं. गेले बूट.

मी पुटपुटले, ‘वन्सं, चुकलं.’

वन्संचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. हलकेच म्हणाल्या, ‘दादा कधी थांबायचाच नाही. मला दम लागायचा. त्याला कधी सांगितलं नाही.’

किती वेळ उभ्या होतो, देव जाणे. माझा खांदा ओला झाला. मी वर छताकडे बघत राहिले, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग वन्सं म्हणाल्या, ‘हं, चला,’ आणि आम्ही निघालो. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे. टाळ्या! सर येऊन विचारतात, ताई, ही थांबायची कल्पना कुठून सुचली?

मला वाटलं, सुटले. कसली सुटते! वन्संनी परस्पर दोघींची नावं टँगोला घातली, म्हणे, त्यात मध्ये मध्ये थांबतात. आणि सोमवारी वर्गाला आल्या त्या पायात बांधकामावरचे बूट घालून, पुढे लोखंडी टोपी असलेले, प्रत्येकी दीड किलोचे. सगळा वर्ग बघतोय. माझ्यासमोर ठाण मांडून उभ्या राहिल्या, हात वर केला आणि म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्ही सुधाराल ही आशा मी सोडलीय. आता दाबा किती दाबायचं ते.’