तीसची पट्टी

हॅलो?

हॅलो… कोण? धाकट्या? तू?

नाही रे, झोपले नव्हते. म्हणजे… बाकावर जरा आडवी झाले होते. जेवण झालं की डोळा लागतोच. शटर अर्धं ओढलंय, समोर दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी डिझेल पंप उघडा पडलाय, आणि अचानक तुझा आवाज. मला वाटलं स्वप्नच पडतंय. दोन वर्षांनी रे!

बरं बरं, नाही बोलत. सांग.

…काय? चेन कशाला लावलीय?

बाबांच्या ट्रकचं इंजिन उतरवताय? आत्ता?

हो, हो… अरे ऐक ना. घेतंय कोण?… नाववाले काका. म्हणजे नावेत बसवणार?

…

आहे, आहे. जाते कुठे! मनात आलं, बाबांचं इंजिन पाण्यावरून चाललंय. हळूहळू, काठाकाठानं, कुणाला घाई नाही… बरं दिसेल, नाही?

चेष्टा नाही करत. मला विचारायला फोन केलास की कळवायला?… कळवायला. छान.

संपलं असं कोण म्हणतं? सत्तेचाळीस वर्षं चाललंय ते! चार सिलेंडर, सगळं बिडाचं, टर्बो नाही की कॉम्प्युटर नाही. टायमिंगला बेल्टसुद्धा नाही, दातेरी चाकं आहेत, तुटायचा प्रश्नच नाही. लायनर दोनदा बदलले, पण क्रँक आजवर एकदाही बाहेर निघालेला नाही. मिनिटाला अडीच हजारांच्या वर फेरे मागू नका, मग तुमच्या नातवंडांनाही पुरेल, असं बाबाच म्हणायचे.

पाठ आहेच मला. एक-तीन-चार-दोन. झोप येत नसली की अजून म्हणते, सिलेंडर पेटायचा क्रम. एक-तीन-चार-दोन… केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून झोपायचो ना आपण? पोटाला कशी ऊब लागायची. जागे झालो की दुसरंच गाव असायचं…

ऐकतेय रे! तू सांग, होतंय काय नेमकं?

सकाळी एका सेल्फला उठतं. बरं. तापलं की दम सोडतं. चढावर दुसऱ्या गिअरातही रडतं. हं… आणि धूर? पांढरट. ऑइल किती खातं?… थेंबही नाही? मग रिंगा गेल्या असं तुला सांगितलं कुणी? उचलली जीभ लावली टाळ्याला!

आवाज?… गप्प. अगदी गप्प, टॅपेटची टिकटिकसुद्धा नाही.

…

थांब. टॅपेट सेट कोण करतं, व्हॉल्व्हची फट? तूच?… थंड इंजिनावर, बाबांसारखंच. आणि फट मोजायची पट्टी, फिलरची? बाबांचीच?

अगं आई गं.

धाकट्या, बोल्ट सोडलेत का?… डिझेलचे पाइप?… नाही ना? मग चेन ओढू नका म्हणावं काकांना. अरे चहा दे त्यांना, बसव कुठेतरी. मी पाठवलेला नवा संच कुठाय, पट्ट्यांचा?

कागदही फोडला नाहीस. माहितेय, राग आला होता तुला. बाबांना जाऊन महिना झाला नाही आणि हिला नवी हत्यारं सुचतात, असंच म्हणाला होतास ना? म्हण बाबा, पण आता फोड. रॉकरचं झाकण काढ आणि फोन मडगार्डवर ठेव. स्पीकर लाव.

…

निघालं? आता हातानं फिरव. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलले की एक नंबर बघायचा… हो, हो, तुला येतं, मी आपली म्हणते. आधी बाबांची पट्टी घाल. जाते?… जराशी अडखळत, हवी तशीच. आता नव्यातली तीसची घाल.

जात नाही ना?

अरे, जोर नको करूस! वीसची बघ… जाते. हं.

जाडी तीस लिहिलीय रे तिच्यावर, मी कुठे नाही म्हणते? पण ती आता वीसची झालीय. गंज नको म्हणून बाबा दर वेळी तिला पॉलिश पेपरनं घासायचे ना? तूही घासतोस?… दर वेळी. मग! झिजली ती, तुमच्या लाडानं झिजली.

बाबांचं अडलं नाही, कारण ते पट्टी नुसती शास्त्रापुरती घालायचे. ती काढली की बोटांच्या अंदाजानं स्क्रू किंचित सैल सोडायचे. तू मात्र पट्टी सांगेल तेच करतोस. फट कमी राहते, तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मग जोर कुठून येणार?

…मला कसं कळलं?

…

मोजली होती मी. एकदा गुपचूप इथे आणून, मायक्रोमीटरवर. बाबा होते तेव्हाच. त्यांना सांगायला जीभ रेटली नाही. आणि ते गेल्यावर तुला सांगायला हवं होतं, तर मी एक शब्दही न लिहिता संच पाठवून दिला. समजून घेशील वाटलं. तू चिडलास, मग मीही फुगून बसले. माझं चुकलं, धाकट्या. या इंजिनाचं काही झालं तर ते माझ्यामुळे.



बरं. पाना घे आधी. शिव्या नंतर दे.

…

आहे, फोन ठेवला नाही. तुझा पाना वाजतोय तो ऐकतेय. शटरखालून ऊन आलंय बघ आत, माझ्या चपलांपर्यंत… धूळ तरंगतेय त्यात, नुसतं बघत बसावंसं वाटतं. कितवा?… तीनचा एक्झॉस्ट. सावकाश कर.

…

झाले आठही? झाकण बसव. मार सेल्फ.

उठलं!

काय? मोठ्यानं बोल. खडखड वाढली?… वाढणारच, वेड्या! हाच आवाज होता त्याचा. टॅपेट वाजतायत तोवर काळजी नसते, गप्प झाले की व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर असतात. आपण विसरलो होतो रे हा आवाज. इतक्यात नाचू नकोस पण, तापू दे पुरतं. व्हॉल्व्ह आधीच जळाले असतील तर माझीही मात्रा चालायची नाही.

…

काटा मध्यावर आला? रेस दे… सोड. पुन्हा दे… धूर?… नीट बघ, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस… खरंच नाही?

…

नाही रे, रडत नाहीये. असेन तर असेन.

काका काय म्हणतात?… स्वतःच चेन सोडतायत? भला माणूस! सांग त्यांना, त्यांच्या नावेला इंजिन मी शोधून देते. शब्द दिला म्हणावं.

हं? काय म्हणालास?… ताई काय?… रविवारी काय?… अरे, या खडखडीत काही कळत नाहीये…

नको, नको! बंद नको करूस. चालू राहू दे. तू मोठ्यानं बोल.